डोक्याकडे बारा

ड्रेसिंग रूमला बदली झाली त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं. नर्सिंगचं जीएनएम करून तीन वर्षं मी नाशिकच्या एका खासगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डला होते. रात्रपाळ्या, सलाईनी, नातेवाइकांची प्रश्नोत्तरं. ड्रेसिंग रूम म्हणजे दिवसपाळी, एक खोली, एक ट्रॉली आणि तीन वाजता घरी. तिथल्या सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर गेल्या म्हणून मला सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं. "ड्रेसिंग काय, पहिल्या वर्षापासून करतेय," असं मी दिंडोरीला आईला फोनवर सांगितलंसुद्धा. मला ड्रेसिंग येत नव्हतं, हे कळायला एक दिवस पुरला. हे लिहायला संकोच वाटतो. पण माझ्यासारख्या मुली प्रत्येक वॉर्डात असतील, म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

पहिले पेशंट निफाड तालुक्यातले द्राक्षबागायतदार, साठीच्या आतबाहेरचे. पंधरा वर्षांची शुगर. उजव्या अंगठ्याच्या मागे, तळव्यावर, रुपयाएवढी जखम. घरी बांधलेल्या पट्टीतलं गॉज वाळून जखमेला चिकटलं होतं. मी ते तसंच ओढलं. कडेनं रक्त आलं. काका खिडकीबाहेर बघत होते, कपाळावर आठीसुद्धा नाही. मी म्हटलं, "काका, किती सोसता हो तुम्ही!" ते संकोचून हसले. इनचार्ज सिस्टर मागे उभ्या होत्या. काका गेल्यावर त्या म्हणाल्या, "ते सोसत नव्हते गं. त्यांना कळलंच नाही. तू ओढलंस तेही कळलं नाही आणि जखम झाली तेव्हाही कळलं नव्हतं." दुखत नाही म्हणजे बरी होत आली, असं मी तोवर समजत होते. पेशंटांना तसं सांगतही होते.

सिस्टर सटाण्याकडच्या. उमेदीची वर्षं मुंबईत काढलेली, परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात जखमा आणि स्टोमा (पोटावर काढलेली आतड्याची वाट) यांचं प्रशिक्षण घेतलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चिमटा हातात घेऊ दिला नाही. "आधी बघ आणि काय दिसतं ते सांग."

"जखम."

"जखम मलाही दिसते. रंग सांग."

लाल. सगळी लाल? नाही, मधे पिवळी. किती भाग पिवळा? निम्मा. कडा कशा आहेत? भोवतीची कातडी? पाझर किती, पट्टीच्या कितव्या घडीपर्यंत भिजला होता? पट्टी तर मी न बघताच पिवळ्या पिशवीत टाकली होती. ती परत काढून बघावी लागली.

त्या दिवसापासून मी वही केली. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला जमेल तसा मराठी अर्थ. ग्रॅन्युलेशन: लालबुंद, ओलसर, डाळिंबाचे दाणे भरावेत तसं येणारं नवं मांस. स्लफ: पिवळसर मेलेला थर, दिसतो सायीसारखा, पण साय निघते तसा निघत नाही. एस्कार: काळी, चामड्यासारखी कडक खपली. मॅसरेशन: फार वेळ धुणं धुतल्यावर बोटं पांढरी पडून सुरकुततात तशी झालेली कातडी. अंडरमायनिंगला मात्र शब्द सापडेना. वरून तोंड लहान आणि आत कातडीखाली पोकळ. डोंगरात असते तशी. मग 'कपार' लिहिलं. सिस्टरांना तो शब्द आवडला, पुढे आम्ही दोघी तोच वापरायला लागलो.

शब्द आले तरी नजर आली नव्हती. त्याच आठवड्यात सातपूरच्या एका कामगाराच्या नडगीवर पिवळा थर दिसला आणि मी त्यांच्या बायकोसमोर म्हणाले, "पू झालाय." ती एकदम रडायलाच लागली. आपल्याकडे पू म्हटलं की घरच्या माणसाला पुढचं सगळं दिसतं: ऑपरेशन, पाय, नोकरी. सिस्टरांनी सलाईनमध्ये भिजवलेलं गॉज पाच मिनिटं ठेवून हलकेच पुसलं. पू असता तर पुसला गेला असता. हा थर जागचा हलला नाही. भोवती लाली नाही, सूज नाही, हाताला गरम लागत नाही, अंगात ताप नाही. तो स्लफ होता. त्या बाईची समजूत काढायला अर्धा तास गेला, आणि ती सिस्टरांनी काढली. मी ट्रॉली पुसत उभी होते.

मग मापं. जखम मोजतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. वॉर्डात आम्ही 'ड्रेसिंग डन' लिहून सही करायचो. मोजायची रीत अशी: डोकं ते पाय या दिशेनं जास्तीत जास्त ती लांबी, तिच्या आडवी ती रुंदी, आणि निर्जंतुक काडी हलकेच उभी घालून खोली. कपार कुठे आहे ते घड्याळावरून सांगायचं. पेशंटच्या डोक्याकडे बारा, पायाकडे सहा. माकडहाडावर बेडसोअर झालेले एक बाबा पालथे होते. मी त्यांच्या उशाशी उभी राहून मोजलं आणि लिहिलं: चार वाजता कपार, ३ सेंमी. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. त्या दिवशीच्या सिस्टर चार वाजताच्या कडेला कपार शोधत राहिल्या, ती सापडली नाही. दहा वाजता होती. मी माझ्यासमोर लांब दिसणाऱ्या पायांकडे बारा धरले होते. आतली पट्टी त्या दिवशी भरली गेली नाही आणि कपारीत पाझर साचून राहिला. बाबा मला काही म्हणाले नाहीत; त्यांना माहीतच नव्हतं. मी मात्र अजून प्रत्येक वेळी मोजण्याआधी मनात म्हणते, डोक्याकडे बारा.

हातातली बाटली सोडणं मला सगळ्यात जड गेलं. हायड्रोजन पेरॉक्साईड जखमेवर ओतलं की फेस येतो, पेशंटलाही वाटतं काहीतरी साफ होतंय. त्यावर बीटाडीन, त्यावर कोरडं गॉज, आणि रोज नव्यानं. सिस्टर म्हणाल्या, फेस येतो तेव्हा जंतूंबरोबर नव्यानं येऊ लागलेल्या पेशीही मरतात. जखमेत जंतूंचा जोर असेल तर डॉक्टर सांगतील ते जंतुनाशक ठरावीक दिवस वापरायचं. लाल, स्वच्छ, भरत आलेल्या जखमेला साधं नॉर्मल सलाईन पुरतं, आणि तेही फ्रिजमधलं गार नको.

याहून मोठा धक्का पुढे होता. जखम सुकली पाहिजे, वारा लागला पाहिजे, खपली धरली की काळजी मिटली, यावर आमचं अख्खं गाव वाढलं. लहानपणी शेतात कुठे कापलं की आजी बांधावरचा दगडी पाला आणायची, तळहातावर चोळून रस पिळायची आणि म्हणायची, आता सुकू दे. सिस्टरांनी मला जॉर्ज विंटर यांच्याबद्दल सांगितलं. १९६२ साली त्यांनी डुकराच्या पिल्लांच्या कातडीवर वरवरच्या जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ कागदानं झाकल्या. झाकून ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी साधारण दुप्पट वेगानं आली. कातडीच्या नव्या पेशी कडेकडून सरकत येतात. ओलसर पृष्ठभाग असला तर त्या वरूनच सरकतात. खपली असली तर तिच्याखालून, ओलावा शोधत, वाट काढावी लागते.

हे निफाडच्या काकांना समजावायची पाळी माझ्यावर आली. मी ओलं, कोरडं, पेशी, सरकणं असं अडखळत बोलत होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे वाफसा पाहिजे म्हणा ना."

वाफसा. शेतकऱ्याच्या घरात वाढून मला हा शब्द सुचला नव्हता. पावसानंतर रान ना चिखल ना कोरडं, मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टाकली तर फुटावा, तेव्हा पेरणी होते. सिस्टर दोन मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "लिहून घे." वहीत तो शब्द मी लाल पेननं लिहिला, आणि त्यानंतर आलेल्या शेतकरी पेशंटांना मला कधी पेशी समजावून सांगाव्या लागल्या नाहीत.

पण शब्द कळला म्हणून हात लगेच वळत नाही. ओलावा हवा म्हणून पुढच्या खेपेला मी पाझरणाऱ्या जखमेवर जेल घातलं आणि वर घट्ट झाकून तीन दिवसांनी बोलावलं. उघडलं तर भोवतीची कातडी पांढरी, फुगलेली, कडेला सोलून आलेली. जखम मोठी झाली होती, आणि ती माझ्यामुळे. काकांनी वाकून पायाकडे बघितलं. "चिखल झाला, ताई," एवढंच म्हणाले. पाझर जास्त तिथे शोषून घेणारं फोम किंवा समुद्रशेवाळापासून केलेलं अल्जिनेट, कोरडी तिथे जेल, आणि भोवतीच्या कातडीला झिंकच्या मलमाची बारीक मेंड, हे मी त्या दिवशी नीट शिकले.

तीन आठवडे झाले. जखम २.२ बाय १.८ होती ती २.२ बाय १.९ झाली. रंग चांगला, पाझर आटोक्यात, शुगर उतरलेली, पायाची नाडी व्यवस्थित, एक्स-रेमध्ये हाडाला काही नाही. तरी भरेना. मी सिस्टरांना विचारलं, ड्रेसिंग बदलू का? चांदीचं लावू का?

"ते पायात काय घालतात?"

"चप्पल."

"इथे येताना चप्पल. बागेत काय घालतात?"

मला माहीत नव्हतं. तीन आठवडे मी तो पाय मांडीवर घेऊन बसत होते आणि पाय दिवसभर कशात असतो हे मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या खेपेला काका खताच्या गोणीत घालून गमबूट घेऊन आले. तळव्याला सुकलेला चिखल. मी टॉर्च मारून आत बघितलं, काही दिसलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "दिसायचं नाही ते. हात घाल." मी ग्लोव्ह घातलेला हात उजव्या बुटात कोपरापर्यंत घातला आणि आतल्या अस्तरावरून बोटं फिरवली. अंगठ्याच्या मागे, जिथे जखम होती बरोबर तिथे, टोचलं. अस्तर उचकटलं तर खाली तारेचा तुकडा, नखाएवढा, तळातून आत शिरून वर वळलेला. काकांनी तो हातात घेतला, उजेडाकडे धरला. "ही माझ्याच मांडवाची तार आहे," म्हणाले. द्राक्षाचे वेल ज्या तारांवर चढवतात ती. मग माझ्याकडे बघून विचारलं, "एवढं टोचत असताना मला कळलं कसं नाही?"

त्या दिवशी त्यांच्या पायावर दोऱ्याची तपासणी करायची होती. मोनोफिलामेंट म्हणजे नायलॉनचा एक दोरा. कातडीवर टेकवून दाबला की १० ग्रॅम भार पडल्यावर तो वाकतो. तेवढा स्पर्श कळत नसेल तर पायाची राखण करणारी जाणीव गेलेली असते. मी दोरा टेकवायचे आणि विचारायचे, "लागतंय ना?" काका म्हणायचे, "हो, हो." सगळीकडे हो. मी 'संवेदना शाबूत' लिहायला पेन उघडलं. सिस्टरांनी काकांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाल्या, "लागलं की 'हं' म्हणा, मी विचारणार नाही." दहा जागी दोरा टेकवला. सात जागी काका गप्प. मधे एकदा सिस्टरांनी दोरा लावलाच नाही, तेव्हा काका 'हं' म्हणाले. मघाशी ते माझं मन राखत होते. पेशंट आपल्यासाठी किती खोटं चांगुलपणानं बोलतो आणि आपण ते कागदावर उतरवतो, याचं मला त्या दिवशी भय वाटलं.

घरी येऊन मी वाचत बसले. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांचे हातपाय तपासत होते. कुष्ठरोगात मांस आपोआप सडतं, असं तेव्हा लोक मानत. ब्रँड यांनी दाखवलं की जाणीव गेल्यामुळे माणूस खिळ्यावर, दगडावर, फोडावर चालत राहतो आणि पाय त्यामुळे झिजतो. पायाला अंगाबरोबर बसणारं प्लास्टर घालून भार वाटून दिला की त्याच जखमा भरतात. कुष्ठरुग्णांसाठी मऊ रबराच्या एमसीआर चपला झाल्या त्या या समजुतीतूनच. कुष्ठरुग्णांसाठीच्या वरोऱ्याच्या आनंदवनाचं नाव शाळेत धड्यातून ऐकलं होतं. निफाडच्या गमबुटाशी त्या सगळ्याचं नातं असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

काकांना डॉक्टरांनी प्लास्टर सुचवलं. ते नाही म्हणाले. ऑक्टोबरची छाटणी तोंडावर होती. छाटणी चुकली तर वर्ष गेलं, आणि मजूर पेठ-सुरगाण्याहून ठरलेल्या दिवशीच येतात. मला आधी राग आला. सिस्टरांनी मात्र त्यांच्याशी बाजारात सौदा करावा तशी बोलणी केली. जखमेच्या जागी भोक ठेवून जाड फेल्टची गादी, वर भार उचलून धरणारा खास बूट, बागेत उभं न राहता मोड्यावर बसून मजुरांना सांगायचं, आणि रोज रात्री काकूंनी तळवा बघायचा. बूट घालण्याआधी आत हात घालायचा, उपडा करून झटकायचा. काकूंनी तिथल्या तिथे सांगितलं, "ते मी बघते." मला पट्टीखेरीज काही सुचलं नसतं.

मधे एका प्रसंगाबद्दल लिहायलाच हवं. स्तनाच्या कॅन्सरची जखम उघडी पडलेली एक बाई आली. वासानं मला मळमळलं. मास्क होता तरी डोळ्यांतून कळलं असणार, कारण ती म्हणाली, "ताई, तुम्ही बाहेर जाऊन या, मी थांबते." मी गेले नाही, पण तिला ते म्हणावं लागलं. अशा वासाला औषध आहे, डॉक्टरांनी लिहून दिल्यावर मेट्रोनिडॅझोल जखमेवर वापरतात, कोळशाचा थर असलेल्या पट्ट्याही मिळतात. तिला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. नातवाला दोन महिन्यांत जवळ घेतलं नव्हतं तिनं.

दिवाळीनंतर मला घरभेटींना पाठवायला लागले. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यात, खुब्याचं हाड मोडून पडलेल्या आजी. माकडहाडाखाली सुनेनं चुंबळ ठेवली होती, जुन्या नऊवारीची, घट्ट वळलेली. डोक्यावर हंडा तोलायची तीच. "हाडाला टेकू नये म्हणून," ती म्हणाली. मला ते शहाणपणाचं वाटलं आणि मी कौतुक केलं. सिस्टर आल्या तेव्हा त्यांनी ती हळूच काढून घेतली. चुंबळीच्या कडेवर सगळा भार येतो, मधल्या भागाकडे जाणारं रक्त चारी बाजूंनी आवळलं जातं. एअर बेडही होता. त्यावर गार लागू नये म्हणून दुहेरी गोधडी अंथरली होती, म्हणजे हवेच्या नळ्यांचा उपयोगच संपला. तीही मी बघून गेले होते.

बेडसोअरचा धोका ब्रेडन मापानं मोजतात. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी १९८७ मध्ये ते मांडलं. जाणीव, ओलावा, उठबस, कुशीवर वळण्याची ताकद, आहार आणि अंथरुणाशी होणारं घर्षण अशा सहा गोष्टींचे गुण. ६ ते २३, जितके कमी तितका धोका जास्त. मी १७ दिले, सिस्टरांनी १२. मी मुलाला विचारलं होतं, "आजी जेवतात ना?" तो म्हणाला, जेवतात. सिस्टर स्वयंपाकघरात गेल्या, सुनेशी बोलल्या. आजी दिवसाला वाटीभर पेज घेत होत्या, ती पण निम्मी सांडत. आणि कूस बदलायची तर सून एकटी, तिची स्वतःची कंबर गेलेली.

निघताना मला आजींच्या डाव्या टाचेवर काळसर डाग दिसला. मळ असेल म्हणून मी ओल्या कापसानं पुसायला लागले. पुसेना. सिस्टरांनी माझा हात धरला. दाबामुळे आतल्या मांसाला झालेली ती इजा होती, कातडी फुटायच्या आधीची. आमच्या पुस्तकात पहिल्या पायरीची खूण म्हणजे गोऱ्या कातडीवरची लाली, बोटानं दाबली तरी न जाणारी. आजींच्या रंगावर लाली दिसतच नाही. तिथे हाताची उलटी बाजू लावून बघायचं: भोवतीपेक्षा गरम आहे का, गार आहे का, कडक आहे का, पिचपिचीत आहे का. आपल्या बहुतेक पेशंटांचा रंग सावळा, आणि आम्ही तीन वर्षं गोऱ्या कातडीची चित्रं बघून शिकलो. पोटरीखाली उशी घालून आम्ही टाच हवेत ठेवली. दाराशी सून हळूच म्हणाली, "लोक म्हणतील, सुनेनं बघितलं नाही." सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही केलंत तेवढं पाच माणसांचं काम आहे." त्यांनी मुलाला बाहेर बोलावलं आणि रात्री दोनची कूस त्याच्या नावावर लावली.

जानेवारीत अंगावर चहा सांडलेली दोन वर्षांची पोर आली. घरच्यांनी टूथपेस्ट लावली होती. भाजल्यावर आधी वीसेक मिनिटं नळाचं वाहतं पाणी, बर्फ नाही, पेस्ट नाही, एवढं तरी मला येत होतं आणि ते मी सांगितलं. पेस्ट सोडवताना पोरीनं जो आकांत केला तो विसरत नाही. त्या दुपारी सिस्टरांनी मुंबईच्या दोन गोष्टी सांगितल्या. परळच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर लावून, निर्जंतुक करून भाजलेल्या मुलांवर वापरल्या आणि १९८५ मध्ये त्यावर लिहिलं. पुढे सायन हॉस्पिटलात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाची पट्टी वापरली. त्यांचा अभ्यास २००३ मध्ये भाजण्यावरच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. गॉज चिकटतं, काढताना नवी कातडी ओरबाडली जाते. पान चिकटत नाही, सुटताना दुखत नाही. ज्या पानावर आपण जेवतो त्यावर कोणी इतका विचार केला, हे ऐकून मला फार भरून आलं. पहिल्या दिवशी काकांच्या पायावरून ओढलेलं गॉजही आठवलं.

मी विचारलं, हे सगळं शिकायचं कुठे? म्हणजे नोकरी म्हणून, रीतसर. सिस्टर म्हणाल्या, हे काम सुरूच एका पेशंटनं केलं. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये नॉर्मा गिल नावाच्या बाईंचं आतड्याचं ऑपरेशन डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी केलं होतं. पोटावर पिशवी घेऊन जगायचं कसं हे त्या स्वतःच्या अनुभवावरून इतर पेशंटांना शिकवू लागल्या. १९५८ मध्ये टर्नबुल यांनी त्यांना त्याच कामासाठी नेमलं आणि १९६१ मध्ये दोघांनी शिकवणं सुरू केलं. नॉर्मा गिल नर्स नव्हत्या. त्यातून एंटेरोस्टोमल थेरपी ही शाखा झाली: स्टोमा, जखमा, आणि लघवी-शौचावर ताबा न राहणं, तिन्ही एकत्र. कारण तिन्हींत शेवटी कातडी राखायची असते.

वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पट्टी बांधायला कसला आलाय कोर्स?" त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही, सहा महिन्यांपूर्वी मीही हेच म्हणाले असते. आमच्या हॉस्पिटलच्या हुद्द्यांत जखमांची नर्स असं पद नाही, पगार वाढेलच असं नाही. बीएस्सीची पदवी म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाची घ्यायची, पोस्ट बेसिक करून, आणि टाटाला अर्ज करायचा, एवढं मी ठरवलंय. रजेवरच्या सिस्टर परत आल्या आणि माझी बदली पुन्हा वॉर्डात झाली, तरी इनचार्ज सिस्टर आठवड्यातून दोन दिवस मला बोलावून घेतात. वॉर्डात मी आता 'ड्रेसिंग डन' लिहीत नाही. आकडे लिहिते, आणि घड्याळ.

काकांची जखम संक्रांतीच्या सुमारास मिटली. शेवटचं माप ०.३ बाय ०.२ होतं, त्यानंतर मोजायला काही उरलं नाही. नवी कातडी गुलाबी, पातळ, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. ती परत फुटू शकते हे मी त्यांना तीनदा सांगितलं. काकू म्हणाल्या, रोज रात्री बघते, आणि बूट मीच झटकून देते.

चैत्रात सप्तशृंगगडाच्या वाटेवर खान्देशातून पायी येणाऱ्यांची रीघ लागली होती. बरेच जण अनवाणी, डांबर तापलेलं. त्या दिवसांत एका संध्याकाळी काकांचा फोन आला. त्यांचे साडू धुळ्याहून चालत निघाले होते, चांदवडजवळ तळव्याला मोठा फोड आलाय, शुगर त्यांनाही आहे, पण दुखत अजिबात नाही म्हणतात.

"दुखत नाही म्हणून तर लगेच आणा," मी म्हटलं. "फोड फोडू नका. आणि आता पुढे चालू देऊ नका."

"गाडीत घातलंच आहे," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "ताई, नवस म्हणून अनवाणी निघाले होते, पण मधे कोणाच्या तरी चपला घातल्या होत्या म्हणतात. त्या पण आणायला सांगू ना?"